बांधावरची चाकोरी

नातवाने दिवाळीत सायकल घेतली. मुलुंडहून ती चालवतच तो आमच्या गावठाणातल्या घरी आला आणि पडवीत भिंतीला टेकवून ठेवली. पितळेच्या भांड्यासारखी चकचकीत. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँडसुद्धा नाही. हँडल बकऱ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. मी किंमत विचारली, त्याने सांगितली, आणि त्याची आजी देवाचं नाव घेत आत निघून गेली.

"आबा, ही ग्रॅव्हल बाईक आहे," तो म्हणाला. "डांबरी रस्ता सोडून चालवायची. मातीवर, खडीवर, नदीकाठाने, शेतातून."

"आणि आम्ही काय आकाशातून चालवत होतो?"

तो हसला. मग खाली बसून टायर दाखवायला लागला. त्यावर ७००, मग फुली, मग ४० असे आकडे होते. चाळीस म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. शर्यतीच्या सायकलचं टायर याहून बरंच अरुंद असतं, ते मातीत रुततं. हे रुंद असल्यामुळे त्यात हवा कमी भरता येते आणि धक्के कमी बसतात, असं तो समजावत होता. मी ऐकत होतो, पण मनात दुसरंच गणित चाललं होतं. आमच्या बाबांच्या हर्क्युलसला टायर लागायचं २८ बाय दीड. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. आणि मडगार्ड? तीसुद्धा बाबांनी काढून टाकली होती, कारण खाडीकडचा चिकट चिखल मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये अडकला की चाक जागचं हलत नसे. म्हणजे गिअर आणि डिस्कचे ब्रेक सोडले तर माझ्या बापाने साठ वर्षांपूर्वी हीच सायकल केली होती. फक्त ती दुप्पट जड होती आणि तिच्यावर मुळ्याच्या जुड्या होत्या.

नातवाकडून कळलं की या प्रकाराच्या शर्यती होतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे, तिथे २००६ पासून गवताळ माळावरच्या खडीच्या रस्त्यांनी २०० मैलांची शर्यत भरते. २०२२ साली इटलीत व्हेनेटो प्रांतात पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. आपल्या मुंबईकरांना हे अगदीच नवीन आहे असं मात्र नाही. १९२३ सालच्या ऑक्टोबरात मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे वाळवंटं, जंगलं तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. त्यांना कुठे डांबर मिळालं असेल! पण ते मोठ्या माणसांचं झालं. मला सांगायचं आहे ते भांडुप, नाहूर, मुलुंडच्या दोन सपाट वाटांबद्दल. एक खाडीकडची आणि एक डोंगराकडची. दोन्हींवर मी सायकल चालवली आणि एकीवर चालवायला नको होती.

आमच्या भागाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला डोंगर, त्याच्या पलीकडे विहार आणि तुळशीचे तलाव. पूर्वेला ठाण्याची खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीत आग्रा रोड, ज्याला आता लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात, आणि आगगाडीचे रूळ. भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती याच पट्टीतून. त्याच्याही आधी, १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले असताना त्यांच्या डोक्यात या रेल्वेची कल्पना आली, असं लिहून ठेवलेलं आहे. आमचे म्हातारे हे मोठ्या अभिमानाने सांगत. जणू काही साहेबाला पाणी त्यांच्याच आजोबांनी दिलं होतं.

रुळांच्या पूर्वेला मात्र सगळा कारभार खाडीचा. तिथे जी जमीन दिसायची ती मुळात जमीन नव्हतीच. भरतीला बुडणारी, ओहोटीला उघडी पडणारी ती खाजण. साष्टी बेटावर पोर्तुगीज होते, १७३९ ला मराठे आले, १७७४ ला इंग्रज आले, पण खाजणात मातीचा बांध घालून पाणी बाहेर रोखायचं आणि आत भात पिकवायचं किंवा मीठ काढायचं, हा उद्योग सगळ्यांच्या राज्यात चालू राहिला. सरकारं त्यासाठी सारा कमी करायची, कारण बांध घालणारा माणूस त्यांना हवाच असायचा. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबई राज्याने खारजमिनींचा कायदा केला, तोही या बांधांसाठीच.

बांध म्हटल्यावर शहरातल्या वाचकाला शेताचा हातभर उंचीचा बांध आठवेल. हा तसा नव्हे. खाडीच्या बाजूचा मोठा बांध म्हणजे बाहेरकाठा. त्याला जागोजाग लाकडी झडपांच्या उघाड्या. भातशेतीच्या उघाडीतून पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीला झडप बंद. मिठागराचं उलट. तिथे उधाणाचं पाणी मुद्दाम आत घ्यायचं, खाचराखाचरांतून फिरवत उन्हाने आटवायचं आणि शेवटच्या खाचरात मीठ धरायचं. खाचराचा तळ पायाने तुडवून, चोपून असा करायचा की पाणी सगळीकडे सारखं उभं राहील. एका कोपऱ्यात बोटभर खोल झालं तर तिथलं मीठ मागे राहतं. त्यामुळे आमच्याकडची सपाटी देवाने दिलेली नव्हती. ती बायाबापड्यांनी टाचांनी केलेली होती.

बाबा उन्हाळ्यात मिठागरावर असत. पावसाळ्यात शेत. आमचं खारं शेत थोडंच होतं, त्यात तांबडा राता तांदूळ व्हायचा. आणि थंडीत वाल, मुळा, माठ घेऊन सायकलवरून घाटकोपरपर्यंत भाजी विकायला. मिठागराच्या हंगामात सायकलचे हाल व्हायचे. खाऱ्या वाऱ्याने तारा गंजायच्या, चेन करकरायची. रोज संध्याकाळी, हातपाय धुवायच्या आधी, बाबा रॉकेलचा बोळा घेऊन सायकल पुसायचे. रिम, तारा, चेन, मग सीटखालच्या स्प्रिंगा. आई म्हणायची, "सायकलची आंघोळ झाली की या जेवायला."

मी सायकल शिकलो ती बाहेरकाठ्यावरच. आधी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल, मग दांडीवरून. चार-पाच हात रुंद, सरळ, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला शेत, आणि समोर कोणी नाही. पडलं तरी चिखलात. एवढी चांगली शाळा कुणाला मिळणार? दसऱ्यानंतर बांध वाळला की गावातली सगळी पोरं तिथेच.

पण पावसाळ्यात बांधावर सायकल न्यायची नाही, हा गावाचा कायदा होता. बैल न्यायचा नाही, गाडी न्यायची नाही, सायकल न्यायची नाही. माणसानेसुद्धा रोज त्याच जागेवरून चालायचं नाही. लहानपणी वाटायचं, म्हाताऱ्यांची खोड. कारण बाबांनी एकदा सांगितलं होतं ते असं: "पोऱ्या, बांध म्हंजी रस्ता नाय. बांध म्हंजी दार हाय." माणसाचं पाऊल पडतं ते सुटं सुटं पडतं. चाकाची मात्र रेघ उमटते. ओल्या मातीत तीच रेघ खोल होत चाकोरी होते, चाकोरीत पाणी साठतं, साठलेलं पाणी उतार शोधतं, आणि उधाणाची लाट बांधाच्या डोक्यापर्यंत आली की तिला आत यायला आयती वाट मिळते.

१९६६ च्या पावसाळ्यात मी तेरा वर्षांचा होतो. चार दिवस उघडीप पडली आणि बाबा कामासाठी कल्याणकडे गेले होते. मी सायकल काढली. आम्ही तिघं होतो, सायकल एकच. आळीपाळीने बाहेरकाठ्यावरून उघाडीपर्यंत जायचं आणि परत यायचं, कोण लवकर येतो ते बघायचं. चार दिवस. वरची माती सुकलेली दिसत होती, पण आत ओलच होती. शेवटच्या दिवशी चाक आपोआप त्याच रेघेत जायला लागलं. हँडल धरायचीही गरज नव्हती. त्याचाच आम्हाला आनंद झाला होता, हे मला आजही नीट आठवतं.

श्रावणी अमावास्येचं उधाण आलं त्या रात्री वारा होता. पहाटे ओरडा झाला. बाहेरकाठ्याला खांड गेली होती. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. मी पोचलो तेव्हा आठ-दहा हात रुंद झालेलं होतं आणि खाडी शेतात शिरत होती, अजिबात आवाज न करता. नुकती लावणी झालेली रोपं आधी डुलली आणि मग दिसेनाशी झाली. ओहोटी लागेपर्यंत कोणी काही करू शकत नव्हतं. ओहोटी लागली तसं सगळं गाव उतरलं. खुंट ठोकले, मध्ये पेंढा आणि झावळ्या दाबल्या, टोपल्याटोपल्यांनी चिकणमाती टाकली. पुढची भरती यायच्या आत खांड बुजवायची होती. मीही टोपल्या वाहिल्या. माझ्या शेजारी ज्यांचं शेत पहिल्यांदा बुडालं ते काका होते. ते मला म्हणाले, "दमला आसशील, बस जरा." मी बसलो नाही.

खारं पाणी शिरलेल्या शेतात पुढची दोन-तीन वर्षं धड भात येत नाही. पावसाने मीठ धुवून निघावं लागतं. तीन घरांची शेतं गेली. ते काका दुसऱ्या वर्षी भांडुपच्या एका कारखान्यात लागले आणि परत शेतीत आले नाहीत.

बाबा आले. सायकलच्या टायरवरची माती बघितली. मला मारलं नाही. खांड जिथे गेली होती तिथे जाऊन बसले, बराच वेळ बोटांनी माती चाचपत राहिले. परत येऊन चार माणसांत म्हणाले, "खेकड्यांनी पोखरला व्हता." खेकडे बांध पोखरतात हे खरं आहे. त्यांच्या बिळांतून पाणी झिरपून खांडी जातात हेही खरं. पण सायकल त्यांनी दोरीने आढ्याला टांगली ती दसऱ्यालाच उतरवली, आणि त्यानंतर हयातीत त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. खेकडे होते की मी होतो? मी अजून ठरवू शकलेलो नाही. बाबांनी खरोखर बीळ बघितलं होतं की पोराला झाकलं होतं, हे विचारायची हिंमत झाली नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

आता दुसरी वाट.

खाडीकडचा बांध बंद झाल्यावर मी डोंगराकडच्या वाटेने जायला लागलो. ती म्हणजे तानसाच्या नळाची वाट. मुंबई शहराची तहान भागवायला १८६० साली विहार तलाव झाला, १८७९ ला तुळशी. तेही पुरेना, तेव्हा शहापूर तालुक्यात तानसा नदीवर धरण बांधलं आणि १८९२ साली ते पाणी मुंबईला आलं. कशेळीची खाडी ओलांडून, ठाणे, मुलुंड, भांडुप, घाटकोपर असं. पंप न लावता, निव्वळ उताराने. त्यामुळे नळ टाकताना शक्य तितकी सौम्य चढउताराची रेघ धरलेली होती. पुढे पहिल्या नळाशेजारी आणखी नळ आले. माणूस आत उभा राहील एवढे जाड. त्यांच्या कडेने दुरुस्तीसाठी मुरमाची वाट.

गंमत बघा. आमच्या गावाच्या दारावरून मुंबईचं पाणी जायचं आणि आम्ही विहिरीचं प्यायचो. १९५० साली मुंबईची हद्द भांडुपपर्यंत आली, १९५७ ला मुलुंडही आत गेलं. म्हणजे नळ आल्यावर साठ-पासष्ट वर्षांनी आम्ही नळाच्या शहरात मोजले गेलो. नळ मात्र कुठे ना कुठे गळायचा. त्या गळतीवर बायका हंडे भरायच्या, म्हशी बसायच्या, आणि बाबा घाटकोपरला जाताना भाजीवर पाणी मारायचे. आग्रा रोडवर लॉऱ्या अंगावर यायच्या, म्हणून भाजीवाले, दूधवाले, पाववाले सगळे नळाच्या वाटेने. चाळीस किलो भाजी कॅरियरवर बांधून चढ चढून बघा, म्हणजे सपाट वाटेची किंमत कळेल. बाबा म्हणायचे, मुंबईला पाणी जातं तिकडे पायडल कमी मारावं लागतं.

नळाशेजारी माणसं राहायला लागली, हे ओघानेच आलं. दुष्काळातून आलेली, गिरण्या-कारखान्यांत लागलेली, आणि आमच्यासारख्या गावांतली जमीन गेलेलीही. माझी मावसबहीण लग्न होऊन घाटकोपरच्या पुढे नळालगतच्या खोलीत गेली. खोलीतून नळ दिसायचा नाही, कारण खोलीची मागची भिंतच नळाला लागून होती. उन्हाळ्यात त्या भिंतीला पाठ लावून बसलं की गार वाटायचं. ती चार घरची धुणीभांडी करायची, स्टेशन दहा मिनिटांवर. तीस-बत्तीस वर्षं ती तिथे राहिली.

पुढचा इतिहास वर्तमानपत्रांत आलेला आहे. एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मुख्य जलवाहिन्यांच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करायला सांगितली. कारण खोटं नव्हतं. एवढ्या मोठ्या शहराचं पाणी ज्या नळातून येतं त्याला कोणी भोक पाडलं, काही मिसळलं, किंवा तो फुटून माणसं वाहून गेली तर? झोपड्या हटल्या. बऱ्याच कुटुंबांना माहुलला घरं मिळाली, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. तिथल्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच म्हटलेलं होतं. पुढे प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयात गेलं आणि २०१९ साली न्यायालयाने अशा कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५,००० रुपये भाडं द्यायला सांगितलं. आणि नळाच्या मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा झोपड्या उठू नयेत म्हणून मुलुंडपासून शहराकडे सुमारे ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग करायची योजना आली. तिचे काही तुकडे झालेले आहेत. त्यावर माझा नातू सायकल चालवतो.

माझी मावसबहीणही माहुलला गेली. धुण्याभांड्याची चारही घरं सुटली, कारण जाण्यायेण्यातच दिवस जायचा. मी भेटायला गेलो तेव्हा सातव्या मजल्यावर ती दाराशी बसली होती. म्हणाली, "भाऊ, इथे भिंत तापते रे." एवढंच म्हणाली. हे मी नातवाला सांगितलं नव्हतं. सायकल चालवणाऱ्या पोराला कशाला? त्याने काही कुणाचं घर पाडलं नाही. पण मग जानेवारीत एका रविवारी तो म्हणाला, आबा, चला, तुमची वाट दाखवा, आणि माझ्यासाठी एका मित्राची साधी सायकल घेऊन आला.

त्या दिवशी आम्ही मुलुंडला नळाच्या कडेने थोडं गेलो. गुळगुळीत आहे. बाके, झाडं, रंगवलेल्या भिंती. मला आवडलं नाही असं म्हणणार नाही. माझ्या वयाला ते बरंच आहे. मग महामार्गाखालून पूर्वेला, भांडुप पंपिंग स्टेशनच्या वाटेला. ही आता पक्षी बघणाऱ्यांची पंढरी. २०१५ साली खाडीचा भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला, २०२२ ला रामसरच्या यादीत गेला. दुतर्फा तिवरं, मध्ये मातीची वाट, खड्ड्यांत खारं पाणी. नातू खूश. हँडलच्या खालच्या वाकड्या भागाला धरून, ढोर पाणी पितं तसा वाकून सुसाट गेला आणि परत आला. "आबा, अशी फ्लॅट ट्रेल मुंबईत कुठेच नाही!"

वाटेत मी एके ठिकाणी उतरलो. तिवरांच्या आत एक मोडकी दगडी चौकट दिसत होती. उघाडी. लाकडी झडप कधीच गेलेली, पाणी मनाला येईल तसं आत-बाहेर करत होतं. आमची नव्हे, आमची याच्याही उत्तरेला होती, तिथे आता मला जाता येत नाही. पण उघाडीच. मी त्याला तिथे उभं राहून सगळं सांगितलं. बांध, चाकोरी, अमावास्या, टोपल्या, काका. मावशीआजीचं घर आणि तापणारी भिंतसुद्धा. त्याने मध्ये एकदाही मोबाईल काढला नाही.

मग त्याने विचारलं, ही मिठागरं कुणाची? बहुतेक केंद्र सरकारची, म्हटलं. आणि आता धारावीच्या पुनर्वसनातली भाड्याची घरं बांधायला कांजूर, भांडुप, मुलुंडकडची सुमारे २५५ एकर मिठागरांची जमीन द्यायचं राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली ठरवलं आहे. धारावीच्या माणसाला घर नको असं माझ्यासारख्याने कोणत्या तोंडाने म्हणायचं? पण ज्या जमिनीला आम्ही दर उधाणाला राखत होतो, तिथे तळमजल्यावर कोण झोपणार आणि श्रावणातल्या अमावास्येला उघाडी कोण बंद करणार, हे मात्र मला विचारावंसं वाटतं. भराव टाकून उंच करतील म्हणे. मग भरतीचं पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाईल. पाणी कमी होत नाही, फक्त हलतं, हे आमच्या गावात तेरा वर्षांच्या पोराला कळत होतं. म्हणजे, कळायला हवं होतं.

परत निघताना मी पाहिलं, वाटेवरच्या ओल्या मातीत त्याच्या टायरची नक्षीदार रेघ उठली होती. जाताना एक, येताना दुसरी, आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकावर एक. त्याच्याही लक्षात आलं. काही न बोलता तो कडेच्या कोरड्या खडीवरून चालवायला लागला. मी म्हटलं, "अरे, हा काही बांध नाही आता, चालव मधून." तरी तो कडेनेच राहिला.

घरी आल्यावर मी रॉकेलचा विषय काढला. खाऱ्या चिखलातून आलोय, आज रात्रीच पूस, उद्यावर ठेवू नकोस. तो म्हणाला, आता रॉकेल कुठे मिळतं आबा, स्प्रे असतो त्याचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करून विचारलं, पुसलीस का?

"राहिली हो," म्हणाला. "आता पुसतो."

फोन चालू ठेवूनच तो सायकलपाशी गेला. आधी रिम पूस, मी म्हटलं, मग तारा. चेन शेवटी.